गोंधळलेला वानर आणि नेहमी उलटणारा नोकर

तुम्ही लिहिता की ‘द हिंदू’मधलं इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोडं तुम्ही रोज चहाबरोबर सोडवता, पण मराठी पेपरातलं कोडं चहा निवायच्या आत संपतं. कारण तिथे ‘समुद्र (३)’ एवढंच विचारलेलं असतं आणि घरात ‘सागर’ भरायचं असतं. मराठीत अशी गूढ शोधसूत्रं, म्हणजे शब्दांच्या खेळात उत्तर दडवणाऱ्या ओळी, होऊच शकत नाहीत का, आणि होत असतील तर ती शिकायची कशी, असा तुमचा प्रश्न. सोबत तुम्ही स्वतः केलेलं एक सूत्रही धाडलंय: ‘गोंधळलेला वानर बोहल्यावर चढतो (३)’, उत्तर ‘नवरा’. त्याच्याकडे मी शेवटी येते. ते चुकलंय, पण ज्या जागी चुकलंय तिथेच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

होतात, मराठीत गूढ सूत्रं झकास होतात. मी वीसेक वर्षं ती करते आहे, कधी दिवाळी अंकासाठी, कधी सोसायटीच्या गणपतीत, आणि आता बहुतेक भाचरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. माझं सगळ्यात आवडतं सूत्र तीन शब्दांचं आहे:

नेहमी उलटणारा नोकर (२)

वाचल्यावर डोळ्यांपुढे एक उर्मट गडी उभा राहतो. मालकानं काही सांगायचा अवकाश, की हा उलटून बोलणार. ते चित्र विसरा. चित्र हे सूत्रकारानं घातलेलं सोंग असतं. शब्द सुटे करा. ‘नेहमी’ म्हणजे सदा. ‘उलटणारा’ म्हणतोय, सदा उलटा लिही. स-दा उलटं केलं की दा-स. आणि दास म्हणजे नोकर. म्हणजे उत्तराला दोन वाटांनी पोचता आलं: एक सरळ अर्थाची वाट, ‘नोकर’; दुसरी खेळाची, ‘नेहमी उलटणारा’. दोन्ही वाटा एकाच घरापाशी येतात तेव्हा उत्तर बरोबर आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. आपल्या जुन्या कोड्यांमध्ये नेमकं हेच नसतं. ‘पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब’ याचं उत्तर कणीस, पण कुणी ‘बोकड’ म्हणाला तर त्याला गप्प करायला दुसरा पुरावा नाही, आजीचा दरारा तेवढा आहे.

अर्थाची बाजू सूत्राच्या सुरुवातीला असते किंवा शेवटी, मधे कधीच नाही. उरलेला सगळा खेळ. कंसातला आकडा अक्षरांचा. विरामचिन्हांवर काडीचाही विश्वास ठेवायचा नाही. सोडवणाऱ्याला एवढे नियम पुरतात.

हा प्रकार मूळचा इंग्रजांचा हे खरंच. पहिलं छापील शब्दकोडं आलं न्यूयॉर्कमध्ये, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या २१ डिसेंबर १९१३च्या अंकात. ते आर्थर विन यांनी केलं होतं, हिऱ्याच्या आकाराचं, आणि त्यातली सूत्रं साधीसरळ होती. त्याला गूढ वळण लावलं लंडनच्या एडवर्ड पॉइस मॅथर्स या कवी-अनुवादकानं, १९२६पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये. त्यानं टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा, म्हणजे स्पेनमधल्या धर्मछळाचा कुप्रसिद्ध म्होरक्या. सोडवणाऱ्यांना छळायचं तर नाव तरी साजेसं हवं! त्याच्या गादीवर आलेल्यानं झिमेनेस हे दुसऱ्या एका धर्मन्यायाधीशाचं नाव उचललं. तिसरा अझेड. हे नाव तुम्ही इंग्रजी अक्षरांत उलटं लिहून पाहा: डेझा, तोही तिथलाच धर्मन्यायाधीश. म्हणजे नेहमी उलटणारे सूत्रकार तिकडेही आहेत. याच लोकांत आफ्रिट नावाचा एक होता. त्यानं १९४९मध्ये सांगून ठेवलेला नियम मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्या शब्दांत लिहिलाय: जे म्हणतो ते मनात नसलं तरी चालेल, पण जे मनात आहे ते म्हटलेलं असलंच पाहिजे. फसवायला पूर्ण मुभा, लबाडीला अजिबात नाही.

पण चौकट इंग्रजांची असली तरी खोड आपली जुनीच आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितलेत आणि त्यांचे उपयोगही: मित्रमंडळींत करमणूक, गर्दीत गुप्त बोलणं, आणि समोरच्याला चकवणं. शाळेत संस्कृत असलेल्यांना हा श्लोक आठवेल:

कं संजघान कृष्णः? का शीतलवाहिनी गङ्गा?
के दारपोषणरताः? कं बलवन्तं न बाधते शीतम्?

कृष्णानं कोणाला मारलं? थंड वाहणारी गंगा कोणती? बायकोचं पोषण करण्यात गुंतलेले कोण? कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही? चार प्रश्न, आणि उत्तर कुठेच नाही. आता शब्द दुसऱ्या जागी तोडा. ‘कंसं जघान कृष्णः’, कृष्णानं कंसाला मारलं. ‘काशीतलवाहिनी’, काशीच्या भूमीवरून वाहणारी. ‘केदारपोषणरताः’, शेताची निगा राखणारे. ‘कंबलवन्तं’, ज्याच्याकडे घोंगडी आहे त्याला! प्रश्नाच्या पोटातच उत्तर बसलेलं होतं. लंडनच्या एखाद्या सूत्रकाराला हे समजावून सांगितलं तर तो टोपी काढून ठेवेल.

हीच तोडजोड मराठीत करायची तर:

पुण्यात राजूनं लपवलेलं वजनाचं साधन (३)

राजू कोण, कुठल्या पेठेत राहतो, काही शोधू नका. ‘पुण्यात राजूनं’ एवढंच बोटानं दाबून धरा आणि मधली फट विसरा. पुण्या-तराजू-नं. किंवा हे पाहा: ‘सकाळ जीवघेणी, आत दडलेली चिंता (३)’. स-काळजी-वघेणी. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून अशा लपाछपीला इथे जागाच जागा आहे. इंग्रजी सूत्रकाराला वाक्य ओढूनताणून बसवावं लागतं, आपल्याकडे ‘त’, ‘नं’, ‘ला’ आयतेच शेजारी उभे असतात.

आता मुख्य मुद्दा. इंग्रजीत खेळाचं एकक सुटं अक्षर आहे, मराठीत ते काना-मात्रा-वेलांटीसकट आख्खं अक्षर आहे. ‘दा’ फोडता येत नाही. ‘पात्र’ हा शब्द दोन घरांचा, पा आणि त्र. अनुस्वार अक्षराच्या डोक्यावरच राहतो. एकदा हे पक्कं झालं की कुठले खेळ आपल्या मातीत रुजतात आणि कुठले मरतात ते आपोआप कळतं.

उलटापालट रुजते, आणि तिचा इतिहास तर पार वाल्या कोळ्यापर्यंत जातो. त्याच्या तोंडून ‘राम’ उमटेना म्हणून त्याला ‘मरा, मरा’ म्हणायला सांगितलं, आणि म्हणता म्हणता राम झाला. गंमत अशी की ‘राम’चे ध्वनी उलटे लावले तर ‘मार’ होतं. अक्षरं उलटी लावली तरच ‘मरा’. म्हणजे ही कथा ज्यांनी सांगितली ते अक्षरानंच विचार करत होते. ‘काम उलटं केलं तरी पीक आलं (२)’ हे त्याच जातीचं. का-म, म-का, मका.

ध चा मा तर आपल्याकडे वाक्प्रचारच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका अशी की चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, आनंदीबाईनं त्याचं ‘मारावे’ केलं. एक अक्षर बदलायचा हा प्रकार इंग्रजीत शिकवताना पाच वाक्यं लागतात. मी भाचरांना फक्त ‘ध चा मा कर’ म्हणते. आणि त्याच वाड्यातल्या ‘काका, मला वाचवा’ या हाकेवरून पोरांनी केलेलं ‘काका, वाचवा, काका’ दोन्ही बाजूंनी सारखं वाचता येतं, हे तुम्ही शाळेत वहीच्या मागच्या पानावर लिहिलं असेलच.

शिरच्छेद फार चांगला होतो. ‘बिनडोक शहाणा? मारा! (२)’. शहाणाचं पहिलं अक्षर उडवा: हाणा. ‘पगार सुरुवातीलाच कापला, झालं थंड (२)’: गार. हे सूत्र मी मार्च महिन्यात टाकलं होतं आणि नोकरदार मंडळींनी दहा मिनिटांच्या आत सोडवलं.

जोडणीही रुजते, कारण समास आपल्या रक्तात आहे. त्यातलं एक जरा सावकाश पाहू:

आठवड्यातून एकदा बसणारा ग्रहाचा घाव (५)

घाव म्हणजे वार, हे लगेच सुचतं. ग्रह कुठला? बुध, गुरू, शुक्र, शनी, सगळे दारात उभे. इथे कंसातला आकडा कामाला येतो. सातही वार बोटांवर मोजून पाहा. र-वि-वा-र, सो-म-वा-र, बु-ध-वा-र, गु-रु-वा-र, शु-क्र-वा-र, श-नि-वा-र, सगळे चार अक्षरी. पाच अक्षरी एकटा मंगळवार. हे मलाही सूत्र करेपर्यंत माहीत नव्हतं. जन्मभर उच्चारत आलो ते वार, पण कधी मोजले नव्हते. या छंदात मला सगळ्यात जास्त आनंद याचा होतो. तोंडातल्या शब्दाला पहिल्यांदा हात लागतो.

पोटात घालण्याचं एक उदाहरण देते आणि पुढे जाते. ‘डोक्यात ‘का?’ शिरल्यावर सुरू होते मृगया (३)’. डोकं म्हणजे शिर, त्यात ‘का’ शिरला: शि-का-र. इथे वेलांटीकडे लक्ष द्या. ऱ्हस्व ‘शिर’ म्हणजे डोकं, दीर्घ ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. सूत्रात ‘डोकं’ऐवजी ‘रक्तवाहिनी’ म्हटलं असतं तर ‘शीकार’ झालं असतं. आणि मी आधी ‘निघाला मृगयेला’ असं लिहिलं होतं, वाचायला जास्त गोड लागत होतं. पण मग उत्तर ‘शिकारीला’ हवं. विभक्ती हा मराठी सूत्रकाराचा कायमचा काटा आहे. अर्थाची बाजू ज्या रूपात, उत्तरही त्याच रूपात यायला पाहिजे. गोड ओळ खोडावी लागते. दर वेळी जिवावर येतं.

ऱ्हस्व-दीर्घानं माझी चांगली फजिती झालेली आहे. एका दिवाळी अंकातल्या कोड्यात मी आडवा शब्द ‘दिनकर’ आणि त्याच घरातून उभा ‘दीनवाणा’ घेतला आणि घरात ‘दि’ ठेवला. महिन्याभरानं एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर एकच ओळ: ‘आपण दीनवाणा हा शब्द खरोखरच दीनवाणा करून ठेवला आहे.’ ते कार्ड अजून माझ्या शब्दकोशात खूण म्हणून आहे. तेव्हापासून मी कडक झाले. इतकी, की लहानपणची लाडकी विलोमवाक्यंही, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी वाचता येणारी वाक्यं, आता मला चालत नाहीत. ‘चिमा काय कामाची’ घ्या, सुरुवातीला चि, शेवटी ची. ‘तो कवी डालडा विकतो’मध्ये एकीकडे वी, दुसरीकडे वि. ‘भाऊ तळ्यात ऊभा’साठी तर ‘उभा’ मुद्दाम अशुद्ध लिहावा लागतो. घासून उतरतात ती ‘रामाला भाला मारा’, ‘टेप आणा आपटे’ आणि ‘ती होडी जाडी होती’. शिवाय ‘नवजीवन’, एकाच शब्दात पाच अक्षरं आणि मधोमध जी. कुणी म्हणेल एवढा सोवळेपणा कशाला? करमणुकीत नको, मान्य. पण कोड्यात एका घरात दोन शब्द राहतात आणि दोघांचं भाडं एकच अक्षर भरतं. ते दोघांनाही चाललं पाहिजे.

इंग्रजीतला जो खेळ इथे जवळजवळ मरतो तो समोच्चारी शब्दांचा. आपण बोलतो तसं लिहितो, त्यामुळे ऐकायला सारखे आणि लिहायला वेगळे असे शब्द थोडे: दिन-दीन, सुत-सूत, पाणि-पाणी. दोनचार कोड्यांत ही शिदोरी संपते. पण त्याच्या बदल्यात आपल्याला उलट प्रकार फुकट मिळालाय. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आणि लिपीत खूण एकच! ‘जरा’ लिहिलं की तुम्ही ‘थोडं’ वाचता. जीभ तालूकडे नेली की तेच ‘म्हातारपण’. म्हणून:

थोडं म्हातारपण (२)

दोन शब्द, दोन अर्थ, उत्तर ‘जरा’. माझ्या मावशीनं हे सोडवलं तेव्हा ती एक्क्याऐंशी वर्षांची होती. फोनवर आधी ‘थोडं?’ म्हणाली, मग हसली, मग म्हणाली, ‘तुला काय ग थोडं वाटतंय!’ श्लेषाची अशी सूत्रं करायला सोपी वाटतात, पण एका अर्थाचा शब्द दुसऱ्या अर्थाला विशेषण म्हणून चपखल बसला नाही तर नुसती यादी होते. ‘देवानं दिलेला नवरा (२)’ म्हणजे वर, हे बसतं. ‘पात्र’चे भांडं, नाटकातली व्यक्ती आणि नदीचा तळ असे तीन अर्थ घेऊन मी चार वर्षं बसले आहे, वाक्य होत नाही.

चौकटीबद्दल थोडं. आपले शब्द अक्षरांत मोजले की आखूड होतात, बरेचसे दोन ते पाच. त्यामुळे पंधरा बाय पंधराची इंग्रजी जाळी उचलू नका, ती काळ्या घरांनी भरून जाते. सात बाय सात किंवा नऊ बाय नऊ पुरे. आणि आपलं एक छेदणारं अक्षर इंग्रजीतल्या एका अक्षरापेक्षा कितीतरी जास्त चुगली करतं. तिकडे एका घरात सव्वीसच शक्यता. आपल्याकडे बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर शेकडो, म्हणजे शेवटच्या घरात ‘ष्ट्र’ आला की ‘राष्ट्र’, ‘उष्ट्र’ किंवा ‘महाराष्ट्र’ याखेरीज फारसं काही उरतच नाही. म्हणून मराठी कोड्यात छेद कमी ठेवले तरी चालतात आणि सूत्रं चांगली कठीण करता येतात.

आता तुमचा वानर. अक्षरं विस्कटून नवा शब्द करणं ही इंग्रजी क्रिप्टिकची रोजची भाकरी, म्हणून तुमचा हात आधी तिथेच गेला. पण वानर म्हणजे वा, न, र. नवरा म्हणजे न, व, रा. वानराचा काना व-वर आहे, नवऱ्याचा र-वर. काना सुटा करून दुसरीकडे चिकटवायची परवानगी नाही, म्हणून वानराचा नवरा होता होता राहतो. ‘गाजर’चा ‘जागर’ही असाच होत नाही. डोळ्यांना वाटतं की होतोय, आणि फसगत त्यातच आहे. विस्कटायचं असेल तर बिनमात्रेचे, उघडेबोडके शब्द शोधा, तेच इकडेतिकडे हलतात. ‘खवळलेली मगर, तापलेली (३)’: गरम. ‘जहर कालवलं, सगळे उपस्थित (३)’: हजर. आणि ‘गोंधळलेला’ हा शब्द इंग्रजीतून आल्यासारखा वाटतो; कालवणं, घुसळणं, खवळणं, विस्कटणं असे स्वयंपाकघरातले नि अंगणातले शब्द हाताशी असताना तो कशाला?

दुसरी चूक अर्थाच्या बाजूची. ‘बोहल्यावर चढतो’ हे क्रियापद आहे, ‘नवरा’ नाम. ‘बोहल्यावर चढणारा’ म्हटलं असतंत तर तेवढं तरी जमलं असतं.

नवरा तुम्हाला सोडवत नसेल तर त्याला दुसऱ्या वाटेनं आणा. न आणि वरा असे तुकडे करून पाहा. ‘न’वर संपणारा शब्द हवा, आणि पाठोपाठ ‘वरा’नं सुरू होणारा. वराह, वराडी, वरात... वरात! मग ‘न’साठी एखादा मोहन किंवा मदन धरून आणायचा:

मोहन वरातीत लपलेला पती (३)

हा मी तुमच्या वानरावरूनच केला, तेव्हा तुमच्या कोड्यात वापरायला हरकत नाही. फक्त उभ्या शब्दांत कुठे ‘रा’ येतोय का ते बघून घ्या, आणि पुढच्या वेळी सूत्राबरोबर सगळी जाळी पाठवा.